महिला-बालकल्याणाचे दहा टक्के, गरोदर बाईचं ताट आणि ग्रामपंचायत : नेमकं करायचं काय?

डोंगरवेल

नमस्कार मंडळी. पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाडा पट्ट्यातल्या एका पेसा (आदिवासी क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) ग्रामपंचायतीची मी सदस्य आहे. पहिलीच टर्म. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील आणि घरी येऊन बोलतील.

लवकरच आराखड्याची ग्रामसभा आहे. दरवर्षी महिला व बालकल्याणाच्या दहा टक्क्यांच्या रकान्यात काहीतरी एक खरेदी लिहून विषय संपतो. गेल्या खेपेला अंगणवाडीला प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. त्याआधी शिलाई मशीन आल्या होत्या, त्या सध्या कोणाच्या घरात आहेत ते विचारू नका. इकडे आशाताईच्या वहीत गावातल्या बऱ्याच गरोदर बायांचं हिमोग्लोबिन दहाच्या खाली आहे.

मी विषय काढला की उत्तर ठरलेलं: पोषण आहार अंगणवाडीचं काम, अंगणवाडी बालविकास प्रकल्पाची, आपण मध्ये पडायचं नाही. मी आहार समितीची अध्यक्ष आहे हेसुद्धा मला बँकेत सहीला बोलावलं तेव्हा कळलं.

तर विचारते. ग्रामपंचायतीला यात कायद्याने काही करता येतं का? पैसा कुठल्या हेडचा? आणि पैसा असला तर खुर्च्या सोडून काय घ्यावं?

निवृत्त_मुख्यसेविका

ताई, आधी अभिनंदन. स्वतः होऊन हा प्रश्न विचारणारी सदस्य मला नोकरीत फार थोड्या वेळा भेटली.

"आपलं काम नाही" म्हणणाऱ्यांना ७३ वी घटनादुरुस्ती दाखवा. अकराव्या अनुसूचीत पंचायतींचे २९ विषय आहेत. २३ वा आरोग्य व स्वच्छता, २४ वा कुटुंबकल्याण, २५ वा महिला व बालविकास. शिवाय ग्रामीण भागातली अंगणवाडी जिल्हा परिषदेच्याच महिला व बालकल्याण विभागाखाली येते. म्हणजे ती पंचायत राजच्या घरातलीच आहे, परक्याची नाही.

आता तुमची समिती. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ च्या अखेरीस अनुसूचित क्षेत्रात सुरू झाली. गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एक वेळ पूर्ण शिजवलेलं जेवण: भात किंवा पोळी, डाळ, भाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडं किंवा केळी. लहान मुलांना अंडी नंतर जोडली गेली. समितीची अध्यक्ष ग्रामपंचायतीची निवडून आलेली बाई, सचिव अंगणवाडी सेविका, बँकेत खातं दोघींच्या नावाने. ही रचना मुद्दाम अशी केलेली आहे. ठेकेदार नको, पैसा गावात यावा, किराणा गावातून घ्यावा, हिशोब गावातल्या बाईने बघावा. आणि गावोगाव अध्यक्षबाई फक्त चेकवर सही करते. चेकबुक सेविकेकडे, किराणा उधारीवर, रक्कम आली की दुकानदाराची उधारी चुकती.

तुम्ही एवढंच करा. आठवड्यातून एकदा जेवणाच्या वेळेला न सांगता जाऊन बसा. तपासायला नको, जेवायला. कोण येतं, कोण डबा घेऊन जातं ते दिसेल. डबा घरी गेला की तो घराचा होतो, बाईचा राहत नाही. आधी सासरा, मग पोरं, उरलं तर ती. करोनात घरपोच देण्याची सवय लागली, ती अजून पुरती गेलेली नाही.

भर_उन्हात

माफ करा, जरा कडू लिहितो. ग्रामपंचायत रस्ता करते, गटार करते, पेव्हर ब्लॉक बसवते, हायमास्ट लावते. का करते, ते सगळ्यांना ठाऊक आहे. गरोदर बाईच्या पोटात गेलेल्या अंड्याचं मोजमाप पुस्तक नसतं आणि त्यात कोणाचा वाटा निघत नाही. तुमचे २९ विषय कागदावर छान दिसतात. मुख्यमंत्र्यांपासून सरपंचापर्यंत कोणीही कुपोषणावर निवडणूक हरलेलं नाही.

आमच्या भागात (सातपुडा) तर पाकिटातला घरपोच आहार शेळ्यांना घालतात. पोरं खातच नाहीत, चव नाही. ग्रामपंचायत काय करणार त्यात?

निवृत्त_मुख्यसेविका

@भर_उन्हात, पाकीट शेळीला घातलं जातं हे खरं आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून तर गावात शिजवलेल्या अन्नाचा आग्रह धरायचा. पाकिटाचा ठेका वर ठरतो, तिथे सरपंचाला कोणी विचारत नाही. अमृत आहाराची चूल मात्र गावात आहे. तिथे गावाला बोलता येतं.

जमाखर्च

मी ग्रामपंचायत अधिकारी आहे. पूर्वी ग्रामसेवक म्हणायचे, २०२४ मध्ये पाटी बदलली, काम तेच. पैशांचा प्रश्न मी घेतो.

डोंगरवेलताई, "दहा टक्के" ऐकून लोकांना वाटतं मोठी रक्कम आहे. ते दहा टक्के ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचे. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळा असेल तर भाडं. आदिवासी पट्ट्यात वसुली दीड-दोन लाखांची असली तर दहा टक्के म्हणजे पंधरा-वीस हजार. त्यात ३१ मार्च जवळ आला की मग खुर्च्या. माझ्या हातूनही असे ठराव गेले आहेत, त्यात नवल काही नाही. खर्च पडला नाही तर लेखापरीक्षणात शेरा येतो, आणि खुर्चीचं बिल सगळ्यात सोपं.

तुमच्याकडे खरा पैसा दुसरीकडे आहे. आदिवासी उपयोजनेच्या निधीतले पाच टक्के २०१५ पासून पेसा ग्रामपंचायतींना थेट येतात. अबंध निधी म्हणतात तो हाच. त्याच्या उद्देशांत पायाभूत सुविधा आहेत (त्यात अंगणवाडी येते), वनहक्क व पेसाची अंमलबजावणी आहे, आरोग्य-स्वच्छता-शिक्षण आहे, जल-जंगल-वन्यजीव आहे. यातला आरोग्याचा हिस्सा सगळ्यात कमी नीट वापरला जातो. या पैशाचा निर्णय पाड्याच्या ग्रामसभेचा आहे, सरपंचाचा किंवा माझ्यासारख्याचा नाही. तुमच्या पाड्याची ग्रामसभा कोष समिती आहे का, तिचं खातं चालू आहे का, हे आधी पाहा.

१५ व्या वित्त आयोगात (२०२१ ते २६) साठ टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, चाळीस टक्के मोकळा. मोकळ्यातून पगार किंवा आस्थापना खर्च टाकता येत नव्हता. म्हणजे स्वयंपाकाला बाई ठेवून तिचं मानधन त्यातून दाखवलंत तर आक्षेप ठरलेला. शेड, चूल, पाण्याची टाकी, गॅस जोडणी चालेल. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला दहा हजारांपर्यंत मोकळे पैसे येतात. रक्कम लहान, पण अडीनडीला हीच कामी येते. बाळाला रात्री तालुक्याला न्यायचं गाडीभाडं यातून देता येतं.

आणि एक. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेणं आपल्या ग्रामपंचायत कायद्यात सक्तीचं आहे. बहुतेक ठिकाणी ती रजिस्टरमध्ये होते, सह्या घरोघर फिरून. ती खरोखर भरवा. तिथला ठराव ग्रामसभेत आला की तो वाचून दाखवावाच लागतो.

डोंगरवेल

जमाखर्चभाऊ, याचं कोणी प्रशिक्षणच देत नाही हो. यशदाच्या पुस्तिका मिळाल्या, त्या छापील भाषेत. "गाडीभाडं देता येतं" असं सरळ कोणी सांगितलं नव्हतं.

आमचा मोठा प्रश्न अंतराचा आहे. अंगणवाडी गावठाणात, पाच पाडे डोंगराला. सातव्या-आठव्या महिन्यातली बाई एक जेवायला दीड-दोन किलोमीटर चढ-उतार करून येणार नाही. पावसाळ्यात ओहोळ आडवा येतो तेव्हा तर नाहीच. मग डबा जातो, आणि डब्याचं वर लिहिलंच आहे.

डॉक्टर_पीएचसी

प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करतो (दुसऱ्या जिल्ह्यात). आकडे आधी टाकतो, कारण "कुपोषण कमी झालं" हे वाक्य फार सहज बोललं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांत बुटकेपणा २०१५-१६ ला ३४.४ टक्के होता, २०१९-२१ ला ३५.२. लुकडेपणा दोन्ही वेळा २५.६. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांमध्ये रक्तक्षय ४८ वरून ५४.२ टक्क्यांवर गेला. ही शेवटची ओळ मला सगळ्यात जास्त टोचते. अशक्त आईचं बाळ कमी वजनाचं जन्मतं, आणि ते पुढे अंगणवाडीच्या लाडवाने भरून निघत नाही.

आता ग्रामपंचायत काय करू शकते. माझं उत्तर ऐकून निराश व्हाल: टीसीएल. हो, विहिरीत टाकायची पावडर. जून-जुलैत ओपीडीत जुलाबाची पोरं येतात, आठवड्यात अर्धा-पाऊण किलो गळतात, आणि सहा-सात किलोच्या पोराचं पाऊण किलो म्हणजे त्याची तीन-चार महिन्यांची कमाई गेली. वर्षात असं दोन-तीनदा झालं की खाणं कितीही द्या. हे काम शंभर टक्के ग्रामपंचायतीचं आहे. जलसुरक्षक तुमचा, पावडर तुमची, विहीर तुमची. गावाला पाण्याचं हिरवं, पिवळं की लाल कार्ड आहे ते विचारा. पावडरीची गोणी उघडी पडून क्लोरीन उडालेली असते आणि रजिस्टरला मात्र रोज टाकल्याची नोंद, असं मी कित्येकदा पाहिलंय. पोषणाच्या बैठकीत याबद्दल कोणी बोलत नाही, कारण ते पाणीपुरवठ्याच्या रकान्यात आहे.

वऱ्हाडी_मिरची

डॉक्टर, आकडे देताय तर २०१२ चंही सांगा ना. राजमाता जिजाऊ पोषण मिशनच्या काळात बुटकेपणा ३९ वरून २३ वर आला होता, साऱ्या देशात नाव झालं होतं. मग परत ३५ कसा झाला? सगळं धुपलं का?

डॉक्टर_पीएचसी

@वऱ्हाडी_मिरची, चांगला प्रश्न, पण ते दोन वेगवेगळे मापदंड आहेत. ३९ आणि २३ हे दोन वर्षांखालच्या मुलांचे आकडे (२००५-०६ आणि २०१२). मी दिलेले पाच वर्षांखालच्यांचे. मूल दुसऱ्या वर्षापर्यंत खुरटत जातं, त्यामुळे मोठ्या वयोगटाचा आकडा वरच असतो. थेट वजाबाकी करू नका.

मिशनचं श्रेय मात्र खरं आहे. २००५ मध्ये औरंगाबादहून व्ही. रमणी यांनी ते सुरू केलं. आधी रिकाम्या जागा भरा, मुलांची वजनं खरी लिहा, वजन घटलं म्हणून सेविकेला फटकारू नका, असा साधा खाक्या होता. नंतर गरोदरपणापासून दोन वर्षांपर्यंतच्या हजार दिवसांवर भर आला. खरं वजन लिहिलं की तालुक्याचा आकडा बिघडतो आणि साहेब चिडतात. सरपंचाने मात्र आकडा बिघडल्याचा आनंद मानायला हवा, कारण मूल सापडलं.

कोचीकर

मी मूळची सांगलीची, नोकरीनिमित्त केरळात. इथे अंगणवाडी पाहून मी चाट पडले. १९९६ मध्ये लोकयोजना आली तेव्हा राज्याच्या योजना निधीतला साधारण तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पैसा थेट स्थानिक संस्थांकडे गेला. अंगणवाडीच्या पूरक आहाराला आणि इमारतीला पंचायत पैसे घालते. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांचं पीठ, अमृतम न्यूट्रिमिक्स, कुटुंबश्रीच्या (इथलं बायकांच्या गटांचं जाळं) बायका स्थानिक युनिटमध्ये करतात. गहू, सोयाबीन, हरभरा डाळ, शेंगदाणे, साखर. पंचायतीच्या बैठकीत या पिठावर भांडणं होतात, उशीर झाला, भाजलं कमी, वगैरे. मला ती भांडणंच आवडली.

भर_उन्हात

केरळ आलंच. प्रत्येक धाग्यात येतं. तिथेही २०१९-२१ च्या पाहणीत बुटकेपणा वाढलाय, २३.४ झालाय. आणि तिथली पंचायत म्हणजे आपल्या दहा ग्रामपंचायतींएवढी. आमच्या ग्रामपंचायतीला एक अर्धवेळ शिपाई आहे.

कोचीकर

आकार मान्य. तेवढ्यासाठीच म्हणते की एकेकटीने करू नका, शेजारच्या चार ग्रामपंचायती आणि उमेदचा (बचतगटांचा) प्रभागसंघ मिळून करा.

चाळकरी

शहरातलं कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. मुंबईत अंगणवाडी महापालिकेची नाही, राज्याच्या एकात्मिक बालविकासची. नगरसेवकाला तिच्यावर काडीचा हक्क नाही, आणि मध्ये तर नगरसेवकच नव्हते, निवडणूकच चार वर्षं रखडली होती. अंगणवाडी भाड्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत. तुमच्याकडे निदान ठराव करायला ग्रामसभा तरी आहे.

डोंगरवेल

चाळकरीदादा, तुमचं ऐकून बरं वाटलं की वाईट, कळेना.

एक राहिलं होतं, आणि तेच आमच्याकडे सगळ्यात मोठं आहे. दिवाळी झाली की अर्धं गाव वीटभट्टीला जातं. भिवंडी, वसई, काही वापी-उंबरगावकडे. होळीला येतं, परत जातं, ते पावसाच्या तोंडाला कायमचं येतं. गरोदर बाई, तान्हं मूल सगळं बरोबर. सप्टेंबरमध्ये आम्ही ज्या पोराला मॅममधून (मध्यम कुपोषित) बाहेर काढतो ते जूनमध्ये सॅम (तीव्र कुपोषित) होऊन येतं. आमच्या यादीत त्या महिन्यांत नुसतं "स्थलांतरित" लिहिलेलं असतं. यात ग्रामपंचायतीने काय करायचं?

भट्टीशाळा

मी वीटभट्ट्यांवरच काम करतो, म्हणून इथे जरा लांबण लावतो.

नियम स्पष्ट आहे. मूल आणि गरोदर बाई जिथे आहे तिथल्या अंगणवाडीने त्यांना घ्यायचं, गावचा पत्ता विचारायचा नाही. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या ॲपमध्ये नाव हलवायची सोयही आहे. प्रत्यक्षात भट्टी अंगणवाडीपासून लांब, मुकादम सोडत नाही, सेविकेचं उद्दिष्ट आधीच भरलेलं, आणि कातकरी बाई स्वतःहून परक्या गावच्या अंगणवाडीत पाऊल टाकत नाही.

तुमच्या बाजूने करायचं काम निघण्याआधीचं आहे. दसऱ्याच्या सुमाराला कुठलं कुटुंब कुठल्या मुकादमाबरोबर कुठल्या भट्टीवर जाणार हे पाड्यात सगळ्यांना माहीत असतं, कारण उचल घेतलेली असते. ती यादी ग्रामपंचायतीने करावी, सेविकेने एकटीने नाही. सोबत माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, लसीची नोंद आणि सेविकेचा मोबाइल नंबर. यादी प्रकल्प कार्यालयाला पोचवायची, आणि जमलं तर भट्टी असलेल्या ग्रामपंचायतीला सरपंचाच्या सहीचं पत्र. सरपंचाने सरपंचाला लिहिलेलं पत्र सेविकेने सेविकेला केलेल्या फोनपेक्षा वेगळं वाचलं जातं. भट्टीला नाहरकत दाखला देणारी ग्रामपंचायत तिथे पाणी, सावली आणि पोरांना बसायला जागा मागू शकते. मागतात का? क्वचित.

पण खरं औषध वेगळंच आहे. रोहयो. ग्रामपंचायतीचा सर्वात मोठा पोषण कार्यक्रम हाच, आणि कोणी त्याला तसं म्हणत नाही. दिवाळीनंतर लगेच गावात काम निघालं आणि मजुरी वेळेत पडली, तर निदान सातव्या महिन्यातली बाई भट्टीवर जाणार नाही. कामाचा आराखडा ग्रामसभा मंजूर करते. शेल्फवर (मंजूर यादीत) कामं आहेत, पण मागणी अर्ज भरून कोणी देत नाही आणि पोचपावती कोणी घेत नाही. मजुरी उशिरा पडते हेही खरं, आणि मुकादम रोख उचल हातात ठेवतो. त्याच्याशी स्पर्धा आहे.

निवृत्त_मुख्यसेविका

भट्टीशाळा, अगदी. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीत बालमृत्यू झाले तेव्हा मंत्री, गाड्या, सगळा लवाजमा जव्हारला आला होता. त्यानंतर नवसंजीवन योजना आली, किती समित्या आल्या. पण दिवाळीनंतर गाव रिकामं व्हायचं काही थांबलं नाही.

मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत गरोदर बाईला बुडीत मजुरी मिळते, पंतप्रधान मातृवंदना योजनेचे पहिल्या खेपेला पाच हजार मिळतात. दोन्ही पैसे बाईने विश्रांती घ्यावी म्हणून आहेत. पण ते बाळ रांगायला लागल्यावर जमा झाले तर विश्रांती कसली? कोणाचे अर्ज कुठे अडकले याची यादी मासिक सभेत वाचायला पैसा लागत नाही. बहुतेक वेळा बँक खातं आणि आधारवरच्या नावात "बाई" की "ताई" एवढाच घोळ असतो.

डोंगरवेल

सगळ्यांचे आभार. महिला सभा झाली. खरी, ओट्यावर बसून. रोहयोचे मागणी अर्ज तिथेच भरले. पोचपावती मागितल्यावर जरा तोंडं वाकडी झाली, पण मिळाली.

लांबच्या दोन पाड्यांवर अमृत आहाराची वेगळी चूल मांडायचा ठराव ग्रामसभेतही पास झाला. अबंध निधीतून भांडी, शेड आणि पाण्याची टाकी. टीसीएलची गोणी बंद डब्यात ठेवायची आणि पाड्यावरच्या बचतगटाने आठवड्याला सही करायची, हेही पास. जलसुरक्षक रागावलाय.

अंड्यांचा मात्र पडला. हिवाळ्यात भाव चढतो, सरकारी दर तोच राहतो, म्हणून फरकाचे पैसे ग्रामपंचायतीने दहा टक्क्यांतून द्यावेत असं मांडलं होतं. एकजण म्हणाला, आज अंड्याचे दिले तर उद्या तेलाचे मागाल. दुसरा म्हणाला, पोरांना कोंबड्या घरी आहेत की. घरच्या कोंबडीची अंडी बाजारात जातात हे त्यालाही माहीत आहे, त्याचंच दुकान आहे.

आता अडलंय ते चुलीपाशी. मदतनीस एकच, ती गावठाणात. पाड्यावर रांधणार कोण आणि तिला द्यायचं काय? जमाखर्चभाऊ, मानधन वित्त आयोगातून नाही म्हणालात. मग कशातून?

जमाखर्च

अमृत आहाराच्या रकमेतूनच काही निघतं का ते प्रकल्पाला लेखी विचारा, तोंडी नको. नाही म्हणाले तर स्वतःच्या दहा टक्क्यांतून, "महिला बचतगटास आहार शिजवण्याचा मोबदला" असं लिहून, कामाच्या दिवसांवर. पगार शब्द ठरावात कुठेही येऊ देऊ नका. पंधरा-वीस हजारांत दोन पाड्यांचं वर्ष निघणार नाही. पावसाळ्याचे चार महिने निघतील, जेव्हा ओहोळ आडवा असतो. खुर्च्यांचं बिल यंदा कोणी पुढे केलं तर सही करू नका, पैसा तोच आहे.

वऱ्हाडी_मिरची

आणि तो अंड्याचा ठराव पुढच्या ग्रामसभेत पुन्हा टाका. दुकानदाराला त्या दिवशी हजर राहायला सांगा.